घाटात नेमकं तापतं काय? पन्हाळ्याचा चढ आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



पावसाळ्यातला रविवार. कोल्हापुरातून आम्ही तिघं पन्हाळ्याला निघालो. अंतर किती, वीसेक किलोमीटर. गाडी मित्राची. सेकंडहँड घेतलेली, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, आणि घेतल्यावर महिन्याभरात रीमॅप करून घेतलेली. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवलेली. वाघबीळपर्यंत गाडी अशी पळाली की मागे बसलेला आमचा तिसरा गडी गप्पच झाला. वाघबीळला वळलो आणि समोर गाड्यांची रांग. पुण्याच्या, सांगलीच्या, बेळगावच्या. २०२५ च्या जुलैमध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून रविवारी चढायचं तर धीर धरूनच.

दहा पावलं पुढे, थांबा. दहा पावलं पुढे, थांबा. धुकं, वर पाऊस, काचा बंद. आणि मीटरवर अचानक पिवळा दिवा: गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा.

मित्र म्हणाला, "अरे, इंजिनाचा काटा तर मध्यावर आहे!" खरंच होता. बाहेर थंडी वाजावी अशी हवा. मग तापलं काय?

हा मित्र शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. सुमारे चौदाशे अंशांचं वितळलेलं लोखंड ओतताना रोज बघणारा माणूस. आणि तो रस्त्याच्या कडेला, भर पावसात, सातआठ लिटर तेलापुढे हात टेकून उभा. आजचा भाग त्या तेलाबद्दल आहे.

आधी गंमत बघा. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच असतो. पाय दाबला की नातं तुटतं, सोडला की जुळतं. जुळलं की घट्ट, लोखंडाला लोखंड. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी असतो टॉर्क कन्व्हर्टर. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पाती, मध्ये तेल. इंजिन एक पातं फिरवतं, ते तेल फेकतं, तेल दुसऱ्या पात्याला ढकलतं, ते गिअरबॉक्सला फिरवतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसराही फिरायला लागतो, तसं. मधोमध तिसरं छोटं पातं असतं, ते परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतं, आणि त्यामुळे गाडी सुटताना ओढ वाढते.

म्हणून सिग्नलला गाडी 'डी'मध्ये ठेवून नुसता ब्रेक दाबला तरी इंजिन बंद पडत नाही. इंजिनाचं पातं फिरत राहतं, चाकाकडचं थांबलेलं असतं. पण मग त्या वेळी इंजिनाने दिलेली ताकद जाते कुठे? तेलात. दुसरीकडे कुठेच जात नाही. मिक्सरमध्ये चटणी जास्त वेळ फिरवली की भांडं हाताला कोमट लागतं ना, तेच. दोन पात्यांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद घुसळण्यात जाते आणि तेवढी उष्णता तयार होते. गाडीत बिघाड झाला म्हणून हे होत नाही. ऑटोमॅटिकची जी मऊ, लोण्यासारखी चाल आपल्याला आवडते, तिचीच ही किंमत आहे.

ही कल्पना मोटारीसाठी जन्मलीच नव्हती. हरमान फॉटिंगर नावाचा जर्मन इंजिनिअर श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात होता. त्याची अडचण अशी की वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा हळू फिरायला हवा. १९०५ साली त्याने द्रवातून ताकद देण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. जहाजावर उष्णतेची फिकीर कोण करतो, आजूबाजूला अख्खा समुद्र आहे. ती युक्ती रस्त्यावर आली तेव्हा समुद्र मागेच राहिला. १९३० साली इंग्लंडच्या डेमलरने तिचं साधं रूप मोटारींत वापरलं. मग १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' आणला, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी. मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हाच. दुसऱ्या महायुद्धात तो एम ५ स्टुअर्ट आणि एम २४ चॅफी या हलक्या रणगाड्यांतही बसला.

इथे जरा कोल्हापुरात येऊ. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. गर्दीतले निम्मे लोक सोनं लुटायला आणि निम्मे ती गाडी बघायला आलेले असतात, असं माझं आपलं मत आहे. तर १९३० च्या दशकातल्या मेबॅक कंपनीने गिअर बदलण्याचं काम सोपं करायला वेगळा रस्ता धरला होता. स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांड्यांनी ड्रायव्हर पुढचा गिअर आधीच निवडून ठेवी. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनातल्या हवेच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, आतले दाते सरकून गिअर पडे. गिअर पडला की दात्यात दाता. मध्ये तेल घुसळणारं काही नाही, त्यामुळे तापण्याची ही कटकटही नाही. पण असलं यंत्र बनवायला महाग, सांभाळायला अवघड. जगाने अमेरिकन रस्ता निवडला. स्वस्त, मऊ आणि गरम.

किती गरम, हे १९४८ साली कळलं. त्या वर्षी ब्यूकने 'डायनाफ्लो' आणला. त्यात गिअर आपोआप बदलतच नसत, सगळं काम टॉर्क कन्व्हर्टरवर सोडलेलं. चाल इतकी मऊ की लोक खूश, पण घसर इतकी की गॅरेजवाल्यांनी त्याला 'डायनास्लश' असं नाव पाडलं, म्हणजे राडा, चिखल. एवढी उष्णता नुसत्या पत्र्यातून बाहेर जाईना. मग तेल बाहेर काढून इंजिनाच्या पाण्याने गार करायचं ठरलं. आज बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत कूलर असतो तो याच कुळातला. गिअरबॉक्समधून तेलाची एक नळी निघते, रेडिएटरच्या कडेच्या टाकीतून किंवा इंजिनाच्या पाण्यावर चालणाऱ्या छोट्या कूलरमधून फिरते आणि परत येते.

यात एक मेख आहे. इंजिनाचं पाणी स्वतःच नव्वद अंशांच्या आसपास असतं. नव्वद अंशांच्या पाण्यात तेल बुडवून ते साठ अंशांवर येणार नाही. थंडीच्या सकाळी हाच कूलर उलटा तेलाला लवकर गरम करतो, तो त्याचा फायदा. पण घाटात त्याची धाव तेवढीच.

दुसरा शहाणपणा पॅकार्डने दाखवला. १९४९ च्या 'अल्ट्रामॅटिक'मध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवला. गाडीने वेग धरला की तो क्लच दोन्ही पाती एकत्र बांधून टाकतो. घसर शून्य, उष्णता जवळजवळ शून्य. याला आज लॉक-अप म्हणतात. क्राइसलरने १९७८ च्या सुमारास तो पुन्हा आणला, पेट्रोल महाग झालं होतं म्हणून. पण लॉक-अपला वेग लागतो. दहा पावलं चालणाऱ्या रांगेत तो उघडाच राहतो.

आता मित्राची गाडी आणि पन्हाळा यांचा हिशोब करूया. घाबरू नका, शाळेतलंच गणित आहे.

माणसं धरून गाडी १६०० किलो. चढ समजा ३०० मीटरचा. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, उत्तर येतं सुमारे ४७ लाख ज्यूल. विजेच्या भाषेत फक्त १.३ युनिट. अख्खी गाडी माणसांसकट डोंगरावर उचलायला घरचा गिझर पाऊण तास चालवावा एवढीच ऊर्जा! पण रांगेत थांबत-सरकत जाताना समजा इंजिनाच्या निम्म्या ताकदीची घुसळण झाली, तर आणखी १.३ युनिट तेलात गेले. सात लिटर तेल म्हणजे सहा किलो. ही सगळी उष्णता फक्त त्याच तेलाला मिळाली, तर त्याचं तापमान ३९० अंशांनी वाढेल.

अर्थात तसं होत नाही. गिअरबॉक्सचा धातू बरीच उष्णता पितो, कूलर काही बाहेर नेतो. पण कूलरला हवा लागते, हवेला वेग लागतो, आणि आम्ही तर उभे. पाऊस बोनेटवर पडत होता, गिअरबॉक्स मात्र खाली बंद पोटात. इंजिनाचा काटा मध्यावर होता कारण इंजिनाकडे मोठा रेडिएटर आणि पंखा आहे. तो काटा गिअरबॉक्सबद्दल काही सांगतच नाही. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाला काटाच नसतो, दिवा लागतो तोच पहिला निरोप.

आणि परफॉर्मन्स गाडीचं दुखणं आणखी एक. ताकद वाढवली की कन्व्हर्टरमध्ये जास्त घुसळण, आतल्या क्लच पट्ट्यांवर जास्त ओढ. कूलर मात्र कंपनीने मूळ ताकदीचा हिशोब करून दिलेला. ज्या दुकानात रीमॅप केलं तिथे कुणी "गिअरबॉक्सचं काय?" असं विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मित्रानेही विचारलं नव्हतं आणि मीही नाही. आम्ही सगळे शून्य ते शंभर किती सेकंदांत, यातच.

रेसिंगवाल्यांनी हे फार आधी भोगलंय. टेक्ससच्या जिम हॉलने १९६० च्या दशकात चॅपरल नावाच्या रेसिंग गाड्या बनवल्या. शेव्हरोलेच्या इंजिनिअरांची मदत आणि गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा. लोकांनी वेड्यात काढलं, रेसिंगमध्ये ऑटोमॅटिक? १९६५ साली सेब्रिंगची १२ तासांची शर्यत त्याने मुसळधार पावसात जिंकली. १९६६ साली चॅपरलने जर्मनीत नुर्बर्गरिंगची हजार किलोमीटरची शर्यत मारली, आणि तो ट्रॅक म्हणजे जंगलातला घाटच. क्लचचं पेडल नाही, म्हणून डावा पाय मोकळा. पुढच्या मॉडेलमध्ये त्या पायाने मागचं पंख कमी-जास्त कलवायचं! पण १९६७ साली सात लिटरचं इंजिन बसवल्यावर गिअरबॉक्स सतत मान टाकू लागला. ल मान्सला गाडी ट्रान्समिशनपायीच बाद झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला एक शर्यत जिंकली तेवढीच. ताकद वाढवली आणि गिअरबॉक्स मागे राहिला. आमच्या मित्राने वाघबीळला केलं ते जिम हॉलने आधीच करून बघितलं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

तेलाचाही एक इतिहास आहे, आणि तो जरा अंगावर येतो.

गिअरबॉक्सच्या तेलाला तीन कामं एकाच वेळी करायची असतात. ताकद न्यायची, उष्णता न्यायची, आणि क्लच पट्ट्यांना पुरतं घसरू न देता, पण झटकाही बसू न देता धरायला लावायचं. या तिसऱ्या कामासाठी अनेक वर्षं त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातल्या तेलाचा अंश असे. ते गरम झालं तरी लवकर बिघडत नसे. लाल रंगाचं जे ऑइल लोक गाडीत टाकत होते, त्यासाठी समुद्रात मासा मारला जात होता आणि चालवणाऱ्याला पत्ताही नव्हता. १९७० च्या सुमारास अमेरिकेने देवमाशांना संरक्षण दिलं आणि हे तेल बंद झालं. मासे वाचले, चांगलंच झालं. पण बदली तेलं पहिल्या झटक्यात तेवढी टिकाऊ निघाली नाहीत. जनरल मोटर्सच्या नव्या तेलाने तर कूलरचे जोड खायला सुरुवात केली. जोड गेला की तेल आणि रेडिएटरचं पाणी एक होतं, आणि गिअरबॉक्समध्ये गुलाबी दुधासारखं काहीतरी फिरायला लागतं. म्हणजे ज्या कूलरने वाचवायचं, त्याच्यातूनच मरण. दुरुस्त तेल १९७० च्या दशकाच्या मध्यावर आलं.

तेल तापलं की त्यातली रसायनं तुटतात. आधी वार्निशसारखा थर, मग रबरी सील कडक, मग क्लच पट्ट्या जळतात. गॅरेजवाल्यांचा आडाखा असा की ऐंशी-पंच्याण्णव अंश ही तेलाची सुखाची जागा, आणि त्यावर दर दहाअकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं. म्हणजे एकशेतीसच्या आसपास गेलात तर लाख किलोमीटरच्या तेलाची गोष्ट काही हजारांवर येते. हा आडाखा आहे, पाढा नव्हे. पण दिशा खरी.

भारतात हे सगळं उशिरा आलं, आणि आलं तेव्हा दुसऱ्याच रूपात. दोन क्लचचा गिअरबॉक्स पोर्शेने १९८० च्या दशकात रेसिंगमध्ये वापरला, फोक्सवागनने २००३ साली गोल्फ आर ३२ मध्ये लोकांच्या हातात दिला. तो क्लच तेलात बुडलेला होता. मग सात गिअरचा, कोरड्या क्लचचा, हलका गिअरबॉक्स आला. २०१३ साली आपल्याकडच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये तोच होता. गाडी चाकणची, अनेक पोरांची पहिली फास्ट ऑटोमॅटिक. त्याच सुमारास, २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी घराघरात गेला. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा.

कोरड्या क्लचला तेल नाही, म्हणजे उष्णता उचलून नेणारा हमालच नाही. रांगेत गाडी ॲक्सिलरेटरने चढावर धरून ठेवली की आत यंत्र हाफ क्लच करत बसतं. तुमच्या आज्जाला जीपवर ज्यासाठी शिव्या बसायच्या, तेच. फरक एवढाच की आता जळका वास यायच्या आधी दिवा लागतो.

आता पन्हाळ्याबद्दल एक अवांतर, कारण हा रस्ता बघितल्याशिवाय राहवत नाही. किल्ला ही मुळात जड वस्तू वर चढू नयेत म्हणून केलेली रचना. १६६० साली सिद्दी जौहर खाली वेढा घालून बसला, महिनोन् महिने, आणि राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून दिल्या तरी गड हाती लागला नाही. शेवटी महाराज जुलैच्या पावसात रात्री पालखीतून निसटले, विशाळगडाकडे. मग १८४४ साली गडकऱ्यांचा उठाव झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. आज आपली गाडी वर जाते ती त्याच पडक्या चार दरवाजाच्या जागेवरून. डोंगराने मात्र अजून हार मानलेली नाही. २०२१ च्या जुलैत हाच रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली.

तर कडेला उभे राहून आम्ही काय केलं? मित्राचा हात पहिल्यांदा इंजिन बंद करायला गेला. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे करू नका. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद, गरम तेल जागच्या जागी. गाडी सुरक्षित जागी घ्या, 'पी'मध्ये टाका, इंजिन चालू राहू द्या, रेडिएटरचा पंखा फिरू द्या. आम्ही वीस मिनिटं तसेच थांबलो आणि दिवा विझला. कोरड्या क्लचच्या गाडीतही 'पी'मध्येच ठेवा, क्लच सुटा होतो आणि आपोआप निवतो.

पुढचा चढ आम्ही वेगळ्या पद्धतीने चढलो. पुढच्या गाडीला जाऊ दिलं, चांगलं अंतर पडलं की मग एका दमात गेलो. मागचे हॉर्न मारत होते, मारू देत. गिअर मॅन्युअलवर घेऊन खालचाच ठेवला, म्हणजे इंजिन मोकळं फिरतं, पंप जोरात चालतो आणि घुसळण कमी होते. थांबलं की ब्रेक, ॲक्सिलरेटरवर गाडी तोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगर. ज्या गल्ल्यांत म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदराने घेतात, तिथल्या एका काकांकडे. काकांनी ड्रेन बोल्ट सोडला, बोटावर तेल घेतलं, हुंगलं. लाल असायला हवं ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट. "पोरा, हे कधी बदललंस?" मित्र म्हणाला, "काका, लाइफटाइम ऑइल आहे म्हणे." काका हसले नाहीत. म्हणाले, "कुणाची लाइफ?"

मग त्यांनी मॅग्नेट दाखवला. त्यावर राखेसारखा बारीक थर होता, पण चकाकणारे तुकडे नव्हते. पट्ट्या वाचल्या होत्या. तुकडे निघाले असते तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च मित्राच्या काही महिन्यांच्या पगाराएवढा, आणि गाडीचे हप्ते अजून चालूच आहेत. तो बराच वेळ त्या मॅग्नेटकडेच बघत होता.

काकांचा सल्ला दोन कलमी होता. नवं तेल, तेही कंपनीने सांगितलेल्या नंबरचंच. आणि पुढे, हवेने गार होणारा वेगळा कूलर, स्वतःच्या पंख्यासकट, रेडिएटरच्या कूलरनंतर जोडलेला. मध्ये थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे तेल इतकं थंड राहील की गिअर दगडासारखे पडतील. खूप थंड तेलही वाईटच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. "आणि ते वाढवलेलं घोडं जरा खाली उतरव," असं ते शेवटी म्हणाले.

मित्राने तेल बदललं, कूलर लावला. घोडं अजून उतरवलेलं नाही. आमची त्यावरून भांडणं चालू आहेत.

गेल्या रविवारी परत गेलो. मीटरखाली स्कॅनर लावला होता आणि मी शेजारी बसून फोनवर तेलाचं तापमान वाचत होतो. वाघबीळला ९१. रांगेत ९८. नाक्यावर १०४, आणि तिथून हळूहळू खाली. तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर खाईपर्यंत मित्राने तीनदा विचारलं, "आता किती?" गाडी बंद होती.

उतरताना गिअरबॉक्स निवांत होता, पण पुढच्या चाकांतून वास यायला लागला. ब्रेकचा. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू.